उतरवायचे महिने आणि धरून ठेवायचे महिने

मालवणजवळच्या एका गावातल्या 43 वर्षांच्या शिक्षिकेचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "उंची 156 सेंटीमीटर. गेल्या ऑगस्टात वजन 84 किलो होतं. रात्रीचा भात सोडला, साखर सोडली, पहाटे किनाऱ्यावर चालायला लागले. फेब्रुवारीअखेर 73 वर आले. मार्चपासून काटा हलेना. मे महिन्यात 75 झालं. जूनमध्ये पाऊस लागला आणि चालणं बंद पडलं. लग्नात मी 60 किलोंची होते, तिथवर यायचं होतं. आता इच्छाच मेली आहे. मोटिव्हेशन टिकवायचं कसं? की सरळ ते वजन उतरवायचं इंजेक्शन घेऊ?"

ताई, या किनाऱ्यावर मी 24 वर्षं दवाखाना चालवते. एवढ्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली. "वजन कमी कसं करू" असं लोक दिवाळीनंतर विचारतात आणि "मोटिव्हेशन कसं टिकवू" असं जुलैत. आंबे-फणस संपलेले, चिखलामुळे बाहेर पडायची सोय नाही, ताजा मासा नाही, कपडे वाळत नाहीत आणि सहा महिन्यांपूर्वीचा उत्साह त्या ओल्या कपड्यांसारखाच पडवीत लोंबकळतोय. त्यामुळे तुमचा प्रश्न मी मनाचा कमी आणि कॅलेंडरचा जास्त समजते. कॅलेंडरकडे मी येणारच आहे. त्याआधी काटा का थांबला ते समजून घ्या, कारण ते न समजल्यामुळे तुम्ही दोष स्वतःला देताय.

2016 साली एक हुशार अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेहाचं एक औषध जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, त्यामुळे घेणाऱ्याच्या नकळत रोज थोडी ऊर्जा वाया जाते आणि वजन उतरतं. केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या वजनावरून हिशेब मांडला, की शरीर हा तोटा भरून काढायला किती धडपडतं. उत्तर असं आलं: उतरलेल्या दर किलोमागे रोजचा खर्च साधारण 20 ते 30 कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र साधारण 100 कॅलरींनी वाढते. हे सरासरीचे आकडे आहेत, माणसागणिक फरक पडणारच. तरी तुमच्या 11 किलोंना लावून बघा. खर्च अडीचशे-तीनशेनं कमी आणि भूक हजारभर कॅलरींनी जास्त. म्हणजे मार्चमध्ये तुम्ही एका बाजूनं दोर ओढत होतात आणि दुसऱ्या बाजूनं तुमचंच शरीर. काटा जागेवर राहिला याचा अर्थ तुम्ही हात सोडले नव्हतेत. हात सोडले असते तर तो कधीच 80 च्या पुढे गेला असता.

हे तात्पुरतं असेल, शरीराला नव्या वजनाची सवय होईल, असं मलाही पूर्वी वाटायचं. 2011 मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांनी 50 जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवून त्यांची भुकेची हार्मोन्स मोजली. वर्षानंतर परत मोजली, तेव्हाही ती "खा, खा" म्हणतच होती. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासलं, तर त्यांच्या आकारमानाच्या माणसाचा विश्रांतीत जेवढा खर्च व्हायला हवा त्यापेक्षा रोज 500 कॅलरी कमी होत होत्या. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. एवढंच ध्यानात घ्या, की "एकदा उतरवलं की सुटले" असं या कामात नसतं.

आपल्याकडे कौलारू घरं होती तेव्हा मे महिन्यात घर शाकारायचं काम निघायचं. माणूस वर चढायचा, कौलं परतायचा, वानरांनी फोडलेली बदलायचा. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच. "यंदा शाकारायचं मोटिव्हेशन येत नाही" असं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. आणि गेल्या वर्षी परतलेली कौलं यंदा पुन्हा सरकली म्हणून घरमालकाची लाजही कुणी काढली नाही. वजनाच्या बाबतीत मात्र आपण दोन्ही करतो.

लाजेवरून आठवलं. माझ्या कारकिर्दीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत मी पेशंटवर ओरडायचे. "तोंडावर ताबा ठेवा", "स्वतःसाठी एवढंही करता येत नाही का" वगैरे. एक बाई होत्या, मच्छी विकायच्या. नऊ किलो उतरवून पुढे चार वाढल्या. मी भर दवाखान्यात, चार लोकांसमोर बोलले. त्या परत आल्या नाहीत. पुढे कळलं, की माझ्या दारावरून जायला नको म्हणून त्या टोपली डोक्यावर घेऊन मागच्या पाणंदीनं फिरून बाजारात जायच्या. दोन वर्षांनी आल्या त्या पायाची जखम घेऊन, साखर 400 च्या वर. "डॉक्टरानू, तुमका तोंड दाखवूक लाज वाटा होती," म्हणाल्या. त्या दिवसापासून मी काट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला काही बोलत नाही. आकडा लिहिते आणि विचारते, "घरी कसं काय?" निम्मी उत्तरं तिथंच मिळतात.

तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलंय: "रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली." ताई, ही मधल्या ओळीत दडवायची गोष्ट नाही. 84 वरून 73 म्हणजे 13 टक्के. अमेरिकेत मधुमेह टाळण्यासाठी जी मोठी चाचणी झाली, जिचे निकाल 2002 मध्ये आले, तिच्यात लोकांना दिलेलं लक्ष्य होतं 7 टक्के वजन आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम. त्यावर मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. तुम्ही त्याच्या जवळजवळ दुप्पट केलंत, आणि आज 75 वर असतानाही 7 टक्क्यांच्या बऱ्याच पुढे आहात. याहून मला आवडते ती चेन्नईची चाचणी, डॉ. ए. रामचंद्रन यांची, 2006 सालची. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे 531 भारतीय. खाण्यात आणि चालण्यात बदल केलेल्या गटात मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी कमी झाला आणि गंमत म्हणजे त्या गटाचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. काटा हलत नाही म्हणून चालणं फुकट गेलं असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही चाचणी सांगते.

आता तुमच्या 60 किलोंबद्दल. लग्नाच्या वेळी तुम्ही बावीस-तेवीस वर्षांच्या असाल. त्या वयाचं वजन ही आठवण आहे, ते औषधाच्या कागदावर लिहायचं लक्ष्य नव्हे. आपल्या लोकांत बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 23 च्या वर गेला की जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, त्या हिशेबानं 60 वर तुम्ही जादा वजनात असाल, पण लठ्ठपणाच्या खाली, हे मला मान्य. पण त्याच नियमांत बायकांची कंबर 80 सेंटीमीटरच्या आत असावी असंही आहे, आणि आपल्या माणसांचं दुखणं पोटात साठतं. म्हणून मला 60 पेक्षा तुमच्या कंबरेत रस आहे. शिंप्याची टेप घ्या, महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी मोजा. पुष्कळदा काटा गप्प असतो तेव्हा टेप बोलते. ब्लाउजची हूकं तर टेपच्याही आधी बोलतात.

तर कॅलेंडर.

शहरातली डाएटची पुस्तकं वर्षाचे बाराही महिने सारखे धरतात. कोकणात ते तसे नसतात. इथे एप्रिल-मे म्हणजे आंबा, फणस, काजू आणि मुंबईहून आलेली माणसं. जून-जुलै म्हणजे मुसळधार, घराबाहेर पाऊल नाही, मोठ्या होड्यांची मासेमारी बंद. मग श्रावणाचे उपास, मग गणपती. नवरात्रानंतर कापणी, आणि तिथून शिमग्यापर्यंत कोरडी, गार, चालण्याजोगी हवा. तुमचंच पत्र बघा. वजन उतरलं ते बहुतेक ऑक्टोबर ते फेब्रुवारी. चढलं मे महिन्यात. तुम्ही बदलला नव्हतात, महिना बदलला होता.

म्हणून मी माझ्या पेशंटना वर्षाचे दोन भाग करायला सांगते. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचे महिने उतरवायचे. बाकीचे धरून ठेवायचे. धरून ठेवायच्या महिन्यांत वजन वाढलं नाही की ते काम पूर्ण झालं, त्याला शंभरपैकी शंभर. "यंदाही उतरलं नाही" ही रुखरुख तिथे लावून घ्यायचीच नाही, कारण ठरलंच नव्हतं उतरवायचं. अमेरिकेत 2000 साली एका अभ्यासात लोकांची सणासुदीच्या आधीची नि नंतरची वजनं तपासली. सरासरी वाढ अर्ध्या किलोच्याही आत निघाली. पण ती पुढच्या वर्षभरात उतरलीच नाही. माणूस असा जाड होतो. एका गणपतीत नाही, वीस गणपतींत. म्हणून सणात न वाढणं हेच मोठं काम.

तुमच्यासाठी मी लिहून देईन ते असं: गणपतीपर्यंत 75. गणपती झाल्यावरही 75. दसऱ्यापासून मार्चपर्यंत 71. पुढच्या मे महिन्यात 71. "वर्षात चारच किलो?" हा तुमचा चेहरा मला इथून दिसतोय. हो, चारच. पाच वर्षांनी तुम्ही 84 वर असाल की 65 च्या आसपास, हे या संथपणावर ठरणार आहे.

धरून ठेवणं म्हणजे काही न करणं नव्हे, तेव्हा आता जुलैतल्या घरात काय करता येईल ते पाहू.

आधी ताट. तुम्ही रात्रीचा भात सोडलात, ठीक. पण लिहिलंय की रात्री एक फुलका आणि भाजी, बस. यात प्रथिनं कुठे आहेत? वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, पाव हिस्सा तरी जाऊ शकतो, आणि स्नायू गेले की खर्च आणखी घटतो. दर किलो वजनामागे निदान एक ग्रॅम प्रथिनं दिवसाला हवीत, म्हणजे तुम्हाला 70-75 ग्रॅम. मासा मिळतो तेव्हा आपल्याकडे हा प्रश्नच नाही. शंभर ग्रॅम बांगड्यात वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, आणि सुरमईच्या एका तुकडीच्या पैशात ताटभर बांगडे. तारली त्याहून स्वस्त. पंचाईत होते ती बंदीच्या दोन महिन्यांत आणि श्रावणात. तेव्हा कुळीथ. शंभर ग्रॅम कुळथात 22 ग्रॅम प्रथिनं असतात, आणि कुळथाची पिठी ही गरिबाची म्हणून आपण तिला उगाच खालच्या पंक्तीला बसवलंय. फक्त ती पातळ करून भाताचा डोंगर ओला करायला वापरू नका. दाट करा, वाटीभर खा, भात मुठीएवढा. अंडी, चवळीची उसळ, घरचं ताक. सोलकढी नारळाच्या दुधाऐवजी कधी नुसत्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या अर्काची, करून बघा, फुटी कढी म्हणतात ती. रोजच्या जेवणाला तीच बरी.

सुक्या मासळीबद्दल एक सूचना. पावसात घरोघरी सुकट आणि खारा बांगडा निघतो. खा, प्रथिनं चांगली आहेत. पण जास्त मीठ पोटात गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं आणि दुसऱ्या सकाळी काटा किलोभर वर दिसतो. ती चरबी नव्हे. एक किलो चरबी साठायला साधारण 7,700 कॅलरी जादा खाव्या लागतात. एका रात्रीत खाऱ्या बांगड्यावर तेवढं कुणाला जमायचं नाही. (रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा खारं आठवड्यातून एकदाच, आणि आधी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून.) पाळीच्या आधीच्या आठवड्यातही असंच होतं. म्हणून रोजचं वजन बघून रोज सुख-दुःख करणाऱ्यांना मी काटा कपाटावर ठेवायला लावते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, आणि चार आठवड्यांची सरासरी बघायची. न मोजणं हा उपाय नाही, हेही सांगून ठेवते. अमेरिकेत 1994 मध्ये एक नोंदवही सुरू झाली, किमान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्यांची. त्यातले तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून निदान एकदा काट्यावर उभे राहतात. ही मंडळी मुळातच चिकाटीची, स्वतःहून नाव नोंदवलेली, त्यामुळे त्यांचं सगळंच आपल्याला लागू होईल असं नाही. पण घसरण दोन किलोंवर असताना कळणं आणि आठवर असताना कळणं यात फरक आहे, एवढं त्यांच्याकडून घ्यावं.

आंब्याचं आता सांगून उपयोग नाही, हंगाम संपला. तरी पुढच्या वर्षासाठी: मध्यम हापूसाच्या गरात जेमतेम शंभर कॅलरी असतात. आंब्यानं कुणी जाड होत नाही. आमरसात घातलेली साखर, त्याबरोबरचे घावणे आणि "पेटी पिकली, संपवायला हवी" या घाईनं होतात. काजूचं उलट आहे. मूठभर म्हणजे तीसेक ग्रॅम, त्यात पावणेदोनशे कॅलरी, आणि बरणी हाताशी असली की मूठ एकच राहत नाही. घरचे काजू फुकटचे वाटतात. शरीर त्यांचं बिल लावतंच.

चालणं. पाऊस लागला की चालणं बंद, हे तुमच्याकडूनच नाही, गावातल्या प्रत्येकाकडून ऐकते. किनाऱ्यावरच चालायला हवं असं कुठे आहे? शाळेला लांब व्हरांडा आहे ना? मुलं यायच्या आधी वीस मिनिटं आणि सुटल्यावर वीस मिनिटं. घरी पडवी. त्यापेक्षाही, पावसाळा हा ताकदीच्या व्यायामाचा हंगाम धरा. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दहादा, तीन वेळा. भिंतीला हात लावून दंड. दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन हातांत घेऊन उचलणं. आठवड्यातून तीन दिवस. स्नायू राखायचे तर चालण्यानं भागत नाही, त्यांच्यावर ओझं पडावं लागतं. तुमच्या आजीला हे सांगायची गरज नव्हती, तिच्या डोक्यावर हंडा होता. वर सांगितलेल्या टीव्हीच्या स्पर्धकांतही ज्यांनी पुढे वजन राखलं, त्यांची रोजची हालचाल इतरांपेक्षा बरीच जास्त होती.

आणि हे "इच्छा झाली की" करायचं नाही. रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाला बांधून टाकायचं. माझ्या एका पेशंट बाई तिन्हीसांजेला देवाकडे दिवा लावला की तिथेच पडवीत उठा-बशा काढतात. आधी सासू हसायची, आता मोजून देते. लंडनमध्ये 2010 च्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 पुरले तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, ते विसरा. नव्याचे नऊ दिवस संपून सवय लागेपर्यंतचा मधला कंटाळवाणा पट्टा मोठा आहे आणि तुम्ही नेमक्या त्यात उभ्या आहात. त्याच अभ्यासातलं दुसरं निरीक्षण मला जास्त कामाचं वाटतं: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही.

यावरून गणपती. घरोघरच्या आरत्या, प्रत्येक घरी प्रसाद, रात्री भजनाला उसळ-पाव आणि चहा, गौरी जेवायच्या दिवशी वडे. नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये, माणसं दुखावतात. मला धोका मोदकात दिसत नाही. "आता खाल्लाच एक, मोडलंच, तर होऊ दे सहा, गणपती गेले की परत सुरू करू" या हिशेबात दिसतो. गणपती जातात, मग नवरात्र असतं, मग दिवाळी. एक मोदक तुपासकट खा, सावकाश खा, आणि पुढचं जेवण नेहमीचं जेवा. "सोमवारपासून" असं काही नसतं, "पुढच्या जेवणापासून" असतं. काळ्या वाटाण्याचं सांबारं दोन वाट्या घ्या, वडे दोनच. साखरेचा चहा दर घरी पिण्यापेक्षा "कोरा चालेल" म्हणायची सवय आत्तापासून लावा, भाद्रपदापर्यंत लोकांच्या तोंडी होईल की बाई कोरा घेतात.

लोकांचं तोंड हा वेगळाच विषय. मुंबईत बारीक झाल्यावर "किती छान दिसतेस" म्हणतात. आपल्याकडे म्हणतात, "काय गो, किती वाळलंस! बरा नाय काय?" जाड म्हणजे सुखी, बारीक म्हणजे दुखणाईत नाहीतर सासुरवाशीण, हा हिशेब अजून गेलेला नाही. तुम्ही लिहिलंय की सासूबाई ताटात न विचारता वाढतात. त्यांच्याशी वजनावर बोलू नका, रक्तदाबावर बोला. "डॉक्टरांनी गोळी अर्धी केलीय, पुन्हा पूर्ण करायची वेळ नको" हे वाक्य चालतं, मी पुष्कळांना दिलंय. आणि शक्य असेल तर एखादी सोबतीण शोधा. आमच्या वाडीतल्या बचत गटाच्या सहा जणी संध्याकाळी एकत्र चालतात, कर्जाचे हप्ते आणि सुनांची गाऱ्हाणी दोन्ही तिथेच होतं. त्यातली कुणी व्यायामासाठी येते असं मला वाटत नाही. पण येतात.

आता इंजेक्शन. पाप नाही ते. सेमाग्लुटाइड हे त्यातलं औषध, त्याच्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं. बंद केल्यावर पुढच्या वर्षात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीसारखंच, चालू आहे तोवर काम. तुमचा बीएमआय आत्ता तीसच्या जरा वर आहे, कागदावर तुम्ही त्यात बसता. पण खर्च महिन्यामागून महिने करावा लागतो, मळमळ-उलट्या बऱ्याच जणांना होतात, आणि स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात थायरॉइडच्या एका विशिष्ट प्रकारच्या, मेड्युलरी, कर्करोगाचा इतिहास असेल तर ते देत नाहीत. माझं मत: आत्ता नको. 13 टक्के तुम्ही औषधाशिवाय उतरवलेत. दोन हिवाळे करून बघू. साखर वाढायला लागली किंवा वजन परत 80 कडे निघालं तर मीच विषय काढीन. ऑनलाइन मागवून किंवा कुणाच्या ओळखीनं मात्र घेऊ नका.

त्याआधी थोड्या तपासण्या. 43 वय, पाच महिने काटा थांबलेला, म्हणून टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेसाठी) करून घ्या. पाळी पुढेमागे होतेय का ते लिहून ठेवा. घोरता का, हे नवऱ्याला विचारा, स्वतःला कळत नाही. रात्री किती झोपता? सहा तासांच्या खाली असेल तर भूक तिथूनही वाढते. आणि एक प्रश्न नीट विचार करून उत्तर द्या: इच्छा मेली ती फक्त वजनापुरती, की शाळेत जायची, बोलायची, आवडतं काही करायचीही? दोन आठवड्यांहून जास्त सगळ्यातूनच मन उडालं असेल, झोप बिघडली असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा. तो वजनाचा प्रश्न नव्हे, नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. जवळच्या डॉक्टरांना सांगा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं.

तसं नसेल, नुसता कंटाळा असेल, तर एवढं करा. पहिला सोमवार, शाळेला निघायच्या आधी, वजन आणि कंबर लिहून ठेवा. व्हरांड्यातलं चालणं त्याच दिवशी. रिपोर्ट घेऊन नारळी पौर्णिमेच्या सुमारास या. तोवर होड्याही पाण्यात उतरलेल्या असतील. वजन 75 च असेल तर तसंच सांगा, खाली मान घालून नको.